ताईचा खांदा आणि मायनरचं स्टिअरिंग

रंग झाला, क्रोम झालं, सीटची कव्हरं शिवून झाली आणि ताई पहिल्यांदा गाडीत बसली. बाबांच्या मॉरिस मायनरची पहिली चक्कर तिनेच मारायची, हे आमचं पाच वर्षांपूर्वी, पहिला नट सोडला तेव्हाच ठरलं होतं. तिने चोक ओढला, स्टार्टरची नॉब ओढली, इंजिन एका झटक्यात लागलं. गाडी मागे घेऊन वळवायला तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवायला घेतलं आणि अर्ध्या फेऱ्यात थांबली. इंजिन बंद करून उतरली, डाव्या हाताने उजवा खांदा धरला आणि म्हणाली, "छान झालीय गं. तूच चालव आता."

दोन वर्षांपासून तिला फ्रोझन शोल्डरचा त्रास आहे. हात खांद्याच्या वर जात नाही आणि जोर लावून बाजूला तर अजिबात नाही. मला हे माहीत होतं. पण गाडी करताना इंजिन, पत्रा, रंग यांतच मी इतकी गुंतले होते की ती चालवणार कशी, हा विचार डोक्यात आलाच नाही. त्या रात्री ठरवलं की स्टिअरिंगचं काम होईपर्यंत गाडी पूर्ण झाली असं म्हणायचं नाही.

आमची मायनर १९५९ ची, मायनर १०००, ९४८ सीसी इंजिनाची. या गाडीचं स्टिअरिंग मुळात वाईट नाही, उलट ती त्याच्यासाठीच ओळखली जाते. १९४८ साली ही गाडी आली तेव्हा बरोबरीच्या कित्येक गाड्यांत स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, त्याला आर्म, त्याला दांडे असा लांबलचक कारभार असायचा. गाडीचा डिझायनर ॲलेक इसिगोनिसने या स्वस्त गाडीला रॅक अँड पिनियन दिलं. एक दात्यांची आडवी पट्टी, तिच्यावर एक छोटं दातेरी चाक, पट्टीच्या दोन्ही टोकांना चाकांकडे जाणारे टाय रॉड, बस. हात हलवला की चाक हलतं, मध्ये कुणी नाही. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे जेमतेम अडीच-पावणेतीन फेरे होतात. फेरे कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. गाडी चालू लागली की हा जोर जाणवत नाही. जागेवर उभ्या गाडीत मात्र जाणवतो, आणि ताई अडकली ती नेमकी तिथेच.

दुसऱ्या दिवशी मी पार्सल तोलायचा स्प्रिंगचा काटा घेऊन बसले. हुक स्टिअरिंगच्या कडेला अडकवायचा, काटा कडेच्या रेषेत ओढायचा आणि चाकं हलायला लागतात तो आकडा वाचायचा. गाडी जमिनीवर उभी असताना ११ किलो आला. मग पुढची बाजू जॅकने उचलली, दोन्हीकडे स्टँड लावले, चाकं हवेत. आता जमिनीचा संबंध संपला, म्हणजे बोटाने फिरायला हवं. आकडा आला साडेतीन.

ही एक चाचणी मी प्रत्येकाला करायला सांगेन, गाडी कुठलीही असो. जमिनीवर जड आणि हवेत हलकं असेल तर ते टायरचं आणि गाडीच्या वजनाचं ओझं आहे, त्याला मदतीची गरज आहे. हवेतसुद्धा जड असेल तर कुठेतरी काहीतरी गंजलंय, सुकलंय किंवा चुकीचं आवळलंय. अशा गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटरच फेकून देणं. मोटर तो जडपणा मुकाट्याने ओढत राहते आणि आतला भाग झिजत राहतो, कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन्ही टाय रॉड एंड सोडवले आणि एकेक भाग वेगळा हलवून पाहिला. रॅक एकटी फिरवली तर मध्यभागी सैल, दोन्ही टोकांना घट्ट. याचं कारण सरळ आहे. आयुष्यभर गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे रॅकचे मधले दाते सर्वांत जास्त झिजतात. मग कुणीतरी मधला सैलपणा काढायला खालच्या डँपरच्या, म्हणजे पट्टी दाबून धरणाऱ्या पॅडच्या, शिम (पातळ चकत्या) कमी करतो, पॅड दाबून बसवतो. मध्ये बरं वाटतं, पण न झिजलेल्या टोकांना तीच पट्टी करकचून आवळली जाते. आमच्या रॅकचं तेच झालं होतं. शिवाय डावा रबरी बूट फाटलेला, आत माती, आणि मातीत कालवलेलं वाळलेलं ग्रीस. या रॅकला ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. ग्रीस एकदा दात्यांवरून बाजूला सरकलं की परत येत नाही, तेल वाहत वाहत परत येतं. निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) दिसला की ग्रीसगन लावायची, ही सवय इथे नडते.

रॅक बदलली. झिजलेल्या पट्टीला नवा बुश घालून काही दिवस ढकलता आले असते, पण हा गाडीतला असा भाग आहे जिथे 'चालेल' हा शब्द मला चालत नाही.

आता चाकाकडचा भाग, आणि इथे मला जरा थांबायचंय.

मायनरच्या पुढच्या चाकाचा किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं तो उभा पिन, वर आणि खाली आटे पाडलेल्या ट्रुनियन नावाच्या ठोकळ्यांमध्ये फिरतो. म्हणजे स्टिअरिंग वळवलं की पिन त्या आट्यांमध्ये अक्षरशः स्क्रूसारखा थोडा वर-खाली होतो. गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन खालच्या आट्यांवर. ग्रीस असेल तर हे आटे वर्षानुवर्षं टिकतात. ग्रीस नसेल तर आटे धारदार होतात, मग पातळ, आणि एके दिवशी पिन ट्रुनियनमधून सुटतो. चाक आत दुमडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसते. मायनरवाल्यांच्या जगात या प्रकाराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. बहुतेक वेळा हे अगदी सावकाश वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे.

बाबांची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, पेट्रोलचे डाग पडलेली. त्यात दर १००० मैलांना एक ओळ: तारीख, मीटरचा आकडा, आणि 'ट्रुनियन, चारही निप्पल, चाक उचलून'. 'चाक उचलून' हे शब्द प्रत्येक वेळी. मला आधी कळायचं नाही की तेच तेच का लिहिलंय. गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस मारलं तर ज्या बाजूच्या आट्यांवर वजन बसलंय, तिथे ते शिरतच नाही. चाक हवेत लटकलं की ती फट मोकळी होते. ही अक्कल मला मॅन्युअलमधून नाही, त्या दोन शब्दांमधून आली. वहीतली शेवटची नोंद बाबा आजारी पडायच्या आधीची. त्यानंतर गाडी आम्ही दोघींनी थोडी चालवली, मग ती उभी राहिली, आणि त्या मधल्या काळात ग्रीसगन कुणीच हातात घेतली नाही. दोष आमचाच.

डावा खालचा ट्रुनियन काढून हातात घेतला तेव्हा आटे बोटाला ब्लेडसारखे लागले. उजवा पाणी जाऊन गंजलेला. हवेतले साडेतीन किलो बरेचसे तिथले होते. दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि वरचे-खालचे ट्रुनियन नवे घातले. जोड्या डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, आटे एकमेकांच्या उलट दिशेचे, त्यामुळे डबे उघडण्याआधीच त्यांच्यावर खुणा करून ठेवा. आणि हे काम करताना खालच्या आर्मखाली जॅक लावल्याशिवाय काहीही सोडू नका. पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं आहे, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचं, आणि बार ताणलेला असतो, आणि तो ताण मोकळा झाला तर आर्म हातावर येतो.

सगळं परत जोडलं, चारही निप्पलना चाक उचलून ग्रीस, रॅकमध्ये तेल, टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढून किंचित आत असलेला कल, दोऱ्याने धरून ३/३२ इंच. काटा लावला. हवेत एक किलोही भरला नाही. जमिनीवर साडेआठ.

ताईला बोलावलं. तिने फिरवलं आणि या वेळी पाऊण फेऱ्यापर्यंत गेली. मग हसली आणि मान हलवली.

साडेआठ किलो हे निरोगी मायनरचं खरं ओझं. त्यात थोडा हात टायरचाही आहे. मूळ गाडीला अरुंद क्रॉसप्लाय टायर होते, मी १४५ चे रेडियल घातलेत. चालत्या गाडीत ते कितीतरी चांगले, पण जागेवर वळवताना जमिनीला जास्त चिकटतात. हवा २२ पौंडांवरून २६ केली तर काटा अर्धा किलो उतरला. चाकाकडचा स्टिअरिंग आर्म लांब करायची सूचना कुणीतरी केली होती. तसं केलं की हलकं होतं हे खरं, पण चाकं तेवढी वळत नाहीत आणि वळणात आतल्या-बाहेरच्या चाकाच्या कोनांचं गणितही बिघडतं. मायनरचा सर्वांत सुंदर गुण म्हणजे ती छोट्या जागेत वळते. तोच घालवायचा?

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा विचार मी पाच मिनिटांत सोडला. त्याचा पंप पट्ट्यावर सतत फिरतो, गाडी सरळ जात असली तरी. या इंजिनात एकूण ३७ हॉर्सपॉवर आहेत, त्यातला एकही मला उधळायचा नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंग गरज असेल तेव्हाच वीज खातं. म्हणूनच ते १९८८ साली पहिल्यांदा आलं तेही सुझुकीच्या सर्व्हो या इवल्याशा गाडीत.

इथे माझ्या एका मित्राशी वाद झाला. जुन्या गाड्यांचा तो जाणकार आहे आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. त्याचं म्हणणं, कारखान्यातून जशी निघाली तशीच ठेवायची, नाहीतर ती बाबांची गाडी राहणार नाही. मी त्याला मायनरच्या बॉनेटकडे बघायला सांगितलं. बॉनेटच्या मधोमध एक उंच पट्टी आहे. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटली, म्हणून त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी चिरून दोन भाग एकमेकांपासून सरकवले आणि ४ इंच रुंदी वाढवली. ती पट्टी म्हणजे त्याची खूण. ज्याने ही गाडी केली त्यानेच ती बसणाऱ्या माणसासाठी कापली. मी तर एकही भोक नवं पाडणार नव्हते. मूळ कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा आणि त्याची नळी, पूर्ण, न कापता, तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. कापाकापीसाठी दुसऱ्या भंगार मायनरचा कॉलम घेतला. उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर एका दिवसात परत बसेल.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली ती इथेही सांगते. मायनरचा मूळ कॉलम म्हणजे रॅकपासून छातीपर्यंत एक सरळ सळई. समोरून धडक बसून रॅक मागे आली तर सळई कुठे जाणार? अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना नियम लागू झाले की धडकेत स्टिअरिंगचा खांब चालकाकडे ठरावीक मर्यादेपलीकडे येता कामा नये आणि त्याने आघात झेलला पाहिजे. आमची गाडी त्याच्या नऊ वर्षं आधीची. नव्या कॉलमच्या दांड्यात दोन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, येतात आणि मधला तुकडा कोनात बसतो. धडकेत तो दुमडू शकतो. आजच्या गाडीइतकं संरक्षण त्याने मिळत नाही, पण सरळ भाल्यापेक्षा हे कितीतरी बरं. ताईच्या खांद्यासाठी सुरू केलेल्या कामात तिच्या छातीचीही सोय झाली.

कॉलम घेतला तो ओपेल कोर्सा सी या गाडीचा, म्हणजे २००० ते २००६ मधली कोर्सा. जुन्या छोट्या गाड्या करणाऱ्यांमध्ये हा कॉलम फार लोकप्रिय आहे, कारण मोटर, सेन्सर आणि कॉम्प्युटर, सगळं एकाच ठोकळ्यात कॉलमवरच आहे. आत एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही स्टिअरिंगला जोर लावला की तो किंचित पिळतो, सेन्सर ती पीळ मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर वर्म गिअरमधून दांड्याला ढकलते. मूळ गाडीत या कॉम्प्युटरला वेग आणि इंजिनाचे फेरे कळवले जातात. मायनरकडे असली माहिती द्यायला काहीच नाही. ती मिळाली नाही की तो एका ठरलेल्या, मध्यम मदतीवर चालतो. बाहेरून एक छोटा कंट्रोलर जोडला की ही मदत एका नॉबने कमी-जास्त करता येते.

कॉलम बसवताना डॅशखाली जागा कमी पडली, ते ब्रॅकेट तीनदा केलं, त्याचं पुराण लावत नाही. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मोटर दांड्याला उजवीकडे पिळते तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःला डावीकडे पिळते. तो जोर झेलायला ठोकळा गाडीच्या पत्र्याला भक्कम बांधलेला हवा. मूळ कॉलमच्या क्लँपला हा जोर कधी माहीतच नव्हता, तो फक्त नळी जागेवर धरून ठेवायचा. म्हणून मी बल्कहेडपर्यंत जाणारा ३ मिमी पत्र्याचा आधार केला, तोही आधीपासून असलेल्या बोल्टांच्या भोकांना.

दांडा जोडायचं काम मी केलं नाही. वेल्डिंग मला येतं, या गाडीचे फ्लोअर आणि सिल मी स्वतः केलेत, पण स्टिअरिंगचा दांडा मी माझ्या हाताने वेल्ड करणार नाही. लेथवाल्या काकांनी दोन्ही टोकांवर घट्ट बसणारी स्लीव्ह काढून दिली. ते म्हणाले, "पोरी, वेल्ड हा दुसरा आधार. पहिला आधार बसवणीचा." स्लीव्ह दाबून बसवली, आरपार पिन घातली, मग टिग वेल्डिंग, तेही प्रेशर पाइपवर काम करणाऱ्या परवानाधारक वेल्डरकडून. थंड झाल्यावर लाल डाय लावून, पुसून, पांढरं डेव्हलपर मारून तडा तपासला. लाल रेघ कुठेही उमटली नाही. हे सगळं झाल्यावरच दांडा गाडीत गेला.

आणि तरीही पहिली बसवणी चुकली, ती माझ्याकडून. चाकं हवेत ठेवून स्टिअरिंग फिरवलं तर हलकं, जड, हलकं, जड, प्रत्येक फेऱ्याला दोनदा. मला वाटलं मोटर बिघडली. फ्यूज काढला, तरी तेच. मग दिव्याखाली बसून दोन्ही युनिव्हर्सल जॉइंट पाहिले आणि चूक दिसली. कोनात बसलेला एकटा जॉइंट एकसारख्या वेगाने फिरवत नाही. ३० अंशांच्या कोनात वरचा दांडा समान वेगाने फिरला तरी खालचा कधी सुमारे १३ टक्के मागे पडतो, कधी १५ टक्के पुढे धावतो. दुसरा जॉइंट तेवढ्याच कोनात, आणि मधल्या तुकड्याचे दोन्ही योक, म्हणजे जॉइंटची दुबेळकी टोकं, एका रेषेत असतील, तर दुसरा पहिल्याची चूक बरोबर पुसतो. मी योक काटकोनात बसवले होते, त्यामुळे दोघांच्या चुका एकमेकींत मिसळून वाढल्या. दांडा काढून ९० अंश फिरवून परत बसवला आणि स्टिअरिंग पाण्यासारखं फिरलं. अर्धा दिवस गेला, पण ही गोष्ट आता माझ्या हाताला कळलेली आहे.

मग वीज. खरं सांगायचं तर स्टिअरिंगच्या कामातला निम्मा वेळ इथेच गेला.

मायनरच्या डायनामोतून जेमतेम २० अँपिअरच्या आसपास मिळतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग जोरात फिरवलं तर हा कॉलम क्षणभर ४०-५० अँपिअरपर्यंत ओढू शकतो. म्हणजे अल्टरनेटर हवा. अल्टरनेटर हवा म्हणजे निगेटिव्ह अर्थ हवं (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), आणि १९५९ च्या मायनरचं अर्थ पॉझिटिव्ह. कॉलमच्या कॉम्प्युटरलाही निगेटिव्हच लागतं. उलटं जोडलं तर तो एका सेकंदात जळेल. त्यामुळे आधी सगळी गाडी उलटी करायची, मग कॉलम जोडायचा.

हे वाटतं तेवढं भयंकर नाही, कारण जुन्या गाडीतल्या बऱ्याच वस्तूंना कुठलं टोक कुठे लावलंय याने फरक पडत नाही. बल्ब, हॉर्न, वायपरची मोटर, दाराशेजारच्या खांबातून बाहेर येऊन वळायची दिशा दाखवणारे ट्रॅफिकेटरचे हात, आमचा जुना पेट्रोल पंप, सगळे तसेच चालले. बॅटरी फिरवली, पॉझिटिव्हचा खांब थोडा जाड असतो म्हणून केबलची टोकं बदलली. कॉइलच्या दोन बारीक वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. हे बरेच जण विसरतात. गाडी तशीही चालते, पण प्लगच्या मधल्या गरम टोकाकडून ठिणगी निघायला हवी ती उलट्या बाजूने निघते आणि त्यासाठी जास्त व्होल्टेज लागतं. डायनामोचा कंट्रोल बॉक्स आता नुसता वायरी जोडायचा डबा म्हणून जागेवर आहे.

मूळ गाडीत दोनच फ्यूज आहेत. कॉलमचं ओझं त्यांच्यावर टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीपासून स्वतंत्र १० चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच तिचा फ्यूज, इग्निशनने चालणारी रिले, आणि तितक्याच जाडीची अर्थ वायर थेट बॉडीला, रंग खरवडून. फ्यूज बॅटरीजवळ हवा, कॉलमजवळ नाही, कारण तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. कॉलमचा प्लग लावायच्या आधी मीटरने पोलॅरिटी मी तीनदा तपासली. तिसऱ्यांदा ताईला वाचायला लावली.

चावी फिरवली. कॉलममधून एक बारीक 'टक' आला. काटा लावला: अडीच किलो.

इतकं हलकं झालं की आनंदात माणूस नॉब पूर्ण फिरवतो. मीही फिरवली, दीड किलोवर आणली आणि मोकळ्या मैदानात नेली. ताशी ५० किमीवर गाडी अनोळखी वाटली. वळणातून बाहेर पडताना मायनरचं स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, कॅस्टरमुळे, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या अक्षाच्या तिरकेपणामुळे. मदत जास्त झाली की ही परत यायची ओढ दबून जाते, आणि रस्ता हाताला सांगत असतो तेही दबतं. नॉब मागे, मागे घेत साडेतीन किलोवर थांबले. तिथे रॅक पुन्हा बोलू लागली. नॉबच्या जागी पांढऱ्या रंगाची खूण केली आणि ती चालकाच्या हाताला लागणार नाही अशी पार्सल शेल्फच्या मागे बसवली.

शेवटची चाचणी, आणि ही टाळू नका. मैदानात चालण्याच्या वेगाने गाडी सोडली आणि शेजारी बसलेल्या मित्राला, त्याच मित्राला, तात्पुरत्या लावलेल्या स्विचने रिले बंद करायला सांगितली. मदत गेली. स्टिअरिंग मूळ गाडीपेक्षाही थोडं जड झालं, कारण आता हाताने मोटरलाही फिरवावं लागतं, पण अडकलं नाही, सुटलं नाही, गाडी जिथे न्यायची तिथे गेली. ताईलाही हे बंद असताना एकदा चालवायला लावलं. हात दुखला तिचा, पण उद्या फ्यूज उडाला तर तो जडपणा तिला नवा वाटायला नको. नोंदणी, विमा आणि तपासणीच्या कागदांत हा बदल रीतसर लिहूनही घेतलाय, दांड्याच्या तपासणीच्या फोटोंसकट.

एक काम राहिलंय. आमच्या गाडीत ट्रॅफिकेटरचा खटका वळण संपल्यावर आपोआप परत यायचा, मूळ कॉलमवरच्या एका छोट्या खुंटीमुळे. कोर्साच्या कॉलमवर ती खुंटी नाही. कॉलर करून बसवायची आहे, माप काढलंय.

काल संध्याकाळी ताई आली. उशी मागितली, अठराव्या वर्षी मागायची तशीच. चोक, स्टार्टर, रिव्हर्स. डावा हात वर, उजवा खाली मांडीजवळ, आणि स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, टोकापर्यंत, परत पूर्ण डावीकडे. काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. वहीत मीटरचा आकडा आणि 'ट्रुनियन, चारही निप्पल, चाक उचलून' मी सकाळीच लिहून ठेवलं होतं. ती वही तिने उचलून शेजारच्या सीटवर ठेवली. मग गाडी डावीकडे वळून रस्त्याला लागली आणि दूर दिसेनाशी होईपर्यंत डाव्या खांबातला ट्रॅफिकेटरचा पिवळा हात तसाच बाहेर होता.